सहरान्यातील ताट आणि धान्याचा कोटा

ग्वाल्हेर-चंबळ हा मध्य प्रदेशातील धान्य पिकवणारा, किंबहुना धान्य विकणारा प्रदेश आहे. १९६० साली गांधीसागर धरण आणि कोटा बॅरेज पूर्ण झाल्यावर चंबळचे पाणी कालव्यांनी श्योपूर, मुरैना आणि भिंडपर्यंत पोहोचले आणि एकेकाळी ज्वारी-बाजरीवर जगणारी ही कोरडवाहू जमीन गहू आणि मोहरीची झाली. ग्वाल्हेर जिल्ह्यातही डबरा-भितरवार पट्ट्यात हरसी धरणाच्या पाण्यावर भात आणि गहू पिकू लागला. लष्कर भागातील दाल बाजारात हंगामात जी पोती उतरतात ती पाहता या परिसरात कोणी अर्धपोटी असेल असे वाटत नाही. तरीही याच शहरातून शिवपुरीच्या रस्त्याने तासाभराच्या अंतरावर, घाटीगाव आणि मोहना भागातील वस्त्यांमध्ये, लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजणारी पट्टी अनेकदा लाल रंगावर थांबते. हा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की सहा महिने ते पाच वर्षे वयाचे मूल तीव्र कुपोषित मानले जाते. पिकाऊ प्रदेशातील या उपासमारीचा उलगडा केवळ धान्याच्या उपलब्धतेतून होत नाही, आणि या भागात पोषणाचे काम दीर्घकाळ केलेल्या कार्यकर्त्यांच्या अनुभवाचे सार काही असेल तर ते हेच की धान्य दुकानापर्यंत येणे, दुकानातून घरात येणे, घरातून ताटात येणे आणि ताटातून बाळाच्या तोंडात जाणे या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांतील पहिल्या दोन बऱ्याच अंशी साधल्या गेल्या असूनही शेवटच्या दोन अजून साधायच्या आहेत.

या वस्त्या प्रामुख्याने सहरिया समाजाच्या आहेत. मध्य प्रदेशात सहरिया, बैगा आणि भारिया अशा तीन जमातींना ‘विशेष असुरक्षित आदिवासी समूह’ असा दर्जा आहे. महाराष्ट्रात हाच दर्जा कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड यांना आहे, म्हणून रायगड-ठाण्यातील कातकरी वाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सहरिया वस्तीचे स्वरूप समजायला वेळ लागत नाही. गावापासून थोडी अलग, एका चौकाभोवती घरे असलेली ही वस्ती ‘सहराना’ म्हणून ओळखली जाते. मध्यभागी ‘बंगला’ असतो, म्हणजे समाजाच्या बैठकीची, पाहुण्यांच्या उतरण्याची आणि तंटे सोडवण्याची सामाईक जागा. परंपरेने हा समाज जंगलावर जगणारा. आज तो मुख्यतः शेतमजुरी, दगडाच्या खाणी आणि हंगामी स्थलांतर यांवर जगतो. खाणींच्या धुळीने आणि निकस आहाराने या समाजात क्षयरोगाचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या कितीतरी पट आहे, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या जबलपूर येथील संस्थेने वारंवार केलेल्या पाहण्यांतून स्पष्ट झाले आहे. घरातील कमावता माणूस क्षयाने खाटेला खिळला की त्या घराचे ताट कसे आकसते, हे सांगायला वेगळी पाहणी लागत नाही.

कोण काय खातो हे जाणून घेण्याची पोषणशास्त्रातील रूढ पद्धत म्हणजे चोवीस तासांची आठवण: काल सकाळपासून आज सकाळपर्यंत घरात काय शिजले, कोणी किती खाल्ले, हे विचारून नोंदवायचे. सहरान्यात या प्रश्नाचे उत्तर बहुधा दोन शब्दांत येते. “रोटी-चटनी,” असे सांगून बाई पुन्हा कामाला लागते. ही चटणी म्हणजे सुकी लाल मिरची, मीठ आणि जमल्यास लसणाच्या दोन पाकळ्या पाट्यावर पाणी घालून वाटलेली; तेल तिच्यात क्वचितच असते. प्रश्न मात्र वेगळ्या रीतीने विचारला, म्हणजे शेतावर जाताना काय तोंडात टाकले, लाकडे आणताना काय सापडले, मुलांनी दिवसभरात काय वेचून खाल्ले असे विचारत गेले की त्या दोन शब्दांमागून दुसरी यादी उलगडू लागते: बोरे, तेंदूची फळे, चारोळीची कोवळी फळे, शेताच्या बांधावरचा बथुआ म्हणजे आपला चाकवत, हरभऱ्याचा पाला, पावसाळ्यात उगवणारी पमार म्हणजे टाकळ्याची भाजी. चुलीवर शिजवलेले नाही ते जेवण नाही, अशी धारणा असल्याने या गोष्टी कोणी आपणहून सांगत नाही, आणि प्रश्नावली घेऊन घाईने फिरणाऱ्याच्या कागदावर त्या उतरत नाहीत. नोंदवहीत सहरिया माणसाचा आहार त्यामुळे आहे त्याहून दरिद्री दिसतो. यापेक्षा गंभीर परिणाम असा की हे वेचून खाण्याचे अन्न दरवर्षी कमी होत आहे, ही घटही कोणत्याच नोंदीत दिसत नाही. जे मुळात मोजलेच गेले नाही त्याच्या नाहीसे होण्याची दखल कोण घेणार?

धान्याच्या बाबतीत गेल्या दोन दशकांत झालेला बदल मोठा आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे. २००१ साली शेजारच्या राजस्थानातील नागरी हक्क कार्यकर्त्यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या अन्नाच्या अधिकाराच्या याचिकेतून एकामागून एक आदेश निघाले. त्यांतील मे २००३ च्या आदेशाने आदिम जमातींची, म्हणजे आज विशेष असुरक्षित समूह म्हटल्या जाणाऱ्या जमातींची, सर्व कुटुंबे अंत्योदय योजनेत, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांसाठीच्या शिधायोजनेत, समाविष्ट करण्यात आली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाचा दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क कायम केला, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य मिळते. या भागात रास्त भावाच्या दुकानाला आजही ‘कंट्रोल’ म्हणतात, आणि कंट्रोल उघडण्याच्या दिवशी सहरान्यातील निम्मी माणसे मजुरी बुडवून तिथे रांगेत बसलेली असतात. अंगठ्याचा ठसा यंत्राने घेतला नाही, नेटवर्क नाही, नव्या सुनेचे नाव कार्डावर चढलेले नाही, अशा अडचणी आहेत. पण १९९० च्या दशकात ज्या घरांनी दुष्काळात समा नावाच्या रानगवताच्या बियांची भाकरी खाल्ली त्या घरांत आज गव्हाचे पोते असते, ही गोष्ट थोडकी नाही.

हे पोते पुरते किती, हा प्रश्न मात्र उरतोच. अंगमेहनत करणारा माणूस जवळजवळ केवळ रोटीवर पोट भरत असेल तर त्याला दिवसाला अर्धा किलोच्या आसपास पीठ लागते. सहा-सात माणसांच्या घरात ३५ किलो धान्य महिनाअखेर गाठत नाही. त्यातून काही धान्य दुकानदाराकडे जाते आणि त्या बदल्यात तेल, मिरची, साबण, चहा-साखर येते. बाहेरून पाहणाऱ्याला यात शिध्याचा गैरवापर दिसतो आणि सरकारी बैठकांतून तसे बोललेही जाते. वस्तुतः ज्या घरात महिनाभर रोख रक्कम येत नाही त्या घरात गहू हेच चलन असते, आणि कोरड्या रोटीसाठी थोडे तेल मिळवण्याचा त्याहून सोपा मार्ग त्या बाईपुढे नसतो. शिध्यात डाळ आणि तेल का असावे याचे समर्थन अर्थशास्त्रातून जितके करता येते त्याहून अधिक स्पष्टपणे ते या देवघेवीतून होते.

गव्हाच्या या विजयात जे हरवले त्याकडे वळले पाहिजे. वस्तीतील वृद्ध स्त्रिया आपल्या तरुणपणीच्या अन्नाविषयी बोलू लागल्या की ‘महेरी’चा उल्लेख हमखास येतो. महेरी म्हणजे ज्वारी, बाजरी किंवा क्वचित तांदूळ भरडून ताकात मंद आचेवर शिजवलेली दाटसर कांजी, मराठी घरांतील अंबिलीची जवळची नातेवाईक. रात्री मातीच्या भांड्यात चुलीवर चढवलेली महेरी सकाळपर्यंत मऊ होऊन राही. मोठी माणसे ती मिठाबरोबर खात, लहान मुलांना ती बोटाने चाटवली जाई, आणि आई शेतावर गेली तरी आजी किंवा थोरली बहीण ती दिवसभर थोडी थोडी भरवू शके. तिला दात लागत नसत, पुन्हा शिजवावे लागत नसे, आणि आंबट असल्याने ती उन्हाळ्यातही काही वेळ टिके. महेरी मागे पडण्याची कारणे दोन दिशांनी आली. कालव्याच्या पाण्याने आणि पुढे कंट्रोलच्या गव्हाने ज्वारी-बाजरी शेतातून आणि घरातून हटली. त्याच सुमारास ताकही नाहीसे झाले. म्हशी पाळणारी शेतकरी कुटुंबे पूर्वी घरी लोणी काढत आणि उरलेले ताक आपल्या शेतावर राबणाऱ्यांना फुकट देत; दूध गोळा करणारी वाहने गावोगाव फिरू लागली आणि उरलेल्या दुधाचा मावा होऊन शहराकडे जाऊ लागला, तेव्हा घुसळण थांबली आणि देण्याजोगे ताक उरले नाही. दूध संकलनाने शेतकऱ्याच्या हाती पैसा आला हे खरे असले तरी त्याच व्यवहाराने मजुराच्या घरातून प्रथिने आणि कॅल्शियमचा एक नियमित पुरवठा निघून गेला. तो कोणाच्या दुष्टपणामुळे गेला नाही, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल कोणी तक्रारही केली नाही.

गव्हाची रोटी मोठ्या माणसाचे पोट भरते. सात महिन्यांच्या बाळाला ती खाता येत नाही, आणि तिखट चटणीबरोबर तर मुळीच नाही. महेरी गेल्यावर सहरान्यात बाळासाठी वेगळे मऊ अन्न उरले नाही, हे या समाजातील बालकुपोषणाचे एक मोठे आणि फारसे न बोलले जाणारे कारण आहे. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाच्या जोडीने जो आहार सुरू करायचा असतो त्याला पूरक आहार म्हणतात, आणि मुलांच्या वजनाचे आलेख नेमके याच वयापासून खाली झुकू लागतात. अंगणवाडीतून मिळणारी पाकिटे, म्हणजे घरी नेऊन शिजवायचा शिधा, याच वयासाठी असतात. पण ती घरात आली की चार-पाच मुलांत एका दिवसात संपतात, कारण भुकेल्या मोठ्या भावंडांना बाजूला सारून एकट्या बाळाला भरवणारी आई शोधूनही सापडणार नाही, आणि तशी अपेक्षा करणे हेच मुळात अमानुष आहे.

जंगलाची कहाणी अधिक सर्वज्ञात आहे. मोहाची फुले, तेंदूपत्ता, डिंक, सालईची राळ, चारोळी यांतून रोख पैसा मिळे आणि अन्नही मिळे. बुंदेलखंडी भागात मोहाची ‘डुबरी’ आणि तिळाबरोबर कुटलेला ‘लटा’ हे सणाचे आणि टंचाईचे, दोन्ही काळांचे पदार्थ होते. श्योपूर जिल्ह्यात कूनो अभयारण्यातील २४ गावे गुजरातमधील सिंहांना दुसरे घर मिळावे म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीपासून बाहेर हलवण्यात आली. सिंह आले नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून चित्ते आले. हलवलेल्या सहरिया कुटुंबांना जमिनी मिळाल्या, परंतु डिंकाची झाडे त्या जमिनींबरोबर आली नाहीत.

सहरान्यातील अन्नाचा विचार महिन्यांच्या क्रमाने केल्याशिवाय नीट होत नाही. चैत्रात गहू-मोहरीच्या कापणीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे मुरैना, भिंड, आग्र्याकडे जातात. या कापणी मजुरांना या भागात ‘चैतुआ’ म्हणतात. मजुरीचा काही भाग गव्हाच्या रूपात मिळतो, आणि वर्षातील सर्वांत भरलेले दिवस तेच. त्याआधी बटाटा काढणीसाठी जाणारीही कुटुंबे असतात. मोह आणि तेंदूपत्त्याचे दिवस वैशाख-ज्येष्ठात सरतात, पावसाळा सुरू होतो, खाणी पाण्याने भरतात, मजुरी थांबते, चैत्रात आणलेला गहू संपत आलेला असतो, आणि याच वेळी दूषित पाण्याने जुलाब सुरू होतात. श्रावण-भाद्रपद हे दोन महिने सर्वांत कठीण. २०१६ च्या सप्टेंबर महिन्यात श्योपूरमधील बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गाजल्या आणि राज्य सरकारला कुपोषणावर श्वेतपत्रिका काढण्याची घोषणा करावी लागली. त्यानंतर डिसेंबर २०१७ पासून सहरिया, बैगा आणि भारिया कुटुंबांतील महिलेच्या बँक खात्यात आहारासाठी दरमहा एक हजार रुपये जमा होऊ लागले. ही योजना या प्रदेशातील एक शहाणपणाचा निर्णय ठरली. पैसा बाईच्या नावावर आल्याने भाजी आणि तेल घेण्याचे तिचे स्वातंत्र्य वाढले, जरी बँक मोठ्या गावात असल्याने पैसे काढण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते ती बुडतेच.

तीव्र कुपोषित मुलासाठी पोषण पुनर्वसन केंद्र असते. तेथे आई आणि मूल साधारण चौदा दिवस राहतात. मुलाला प्रथम ‘एफ-७५’ नावाचे औषधी दूध थोडे थोडे देतात, ज्याच्या १०० मिलिलिटरमधून ७५ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, आणि प्रकृती स्थिर झाल्यावर अधिक ऊर्जेचे ‘एफ-१००’ सुरू करतात. उपचार म्हणून ही पद्धत उत्तम आहे आणि तिने असंख्य मुले वाचवली आहेत. अडचण आईची असते. घरी आणखी तीन मुले, नवरा खाणीवर, शेळ्या बांधलेल्या, आणि कापणीचे दिवस तोंडावर. बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळते, पण शेळ्यांना पाणी पाजायला ती भरपाई उपयोगी पडत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मूल किंचित हसू लागले की आई बोचके बांधते. तिच्यावर बेफिकिरीचा शिक्का मारणे सोपे असते, आणि तो मारला जातोही. कार्यकर्त्यांनी मात्र अनुभवाने हे ओळखले आहे की त्या घरात सर्वांत दुर्मिळ वस्तू धान्य नसून आईचे तास आहेत. पहाटे पाणी, मग चूल, मग दिवसभर मजुरी, परतताना लाकूड, पुन्हा चूल, अशा दिवसात बाळाला पाच वेळा मऊ अन्न भरवा हा सल्ला कितीही शास्त्रशुद्ध असला तरी तो कोणाला दिला जात आहे याचे भान सल्ला देणाऱ्याला असावे लागते.

अंड्याचा प्रश्न याच संदर्भात येतो. उकडलेले अंडे लहान मुलाला कुस्करून देता येते, त्यात भेसळ करता येत नाही, साठवायला सोपे आहे, आणि सहरिया समाजातील बहुसंख्य घरांत त्याला मज्जाव नाही. महाराष्ट्राने डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गर्भवती आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण आणि नंतर मुलांना अंडी किंवा केळी देण्याची सोय केली. मध्य प्रदेशाने २०१५ मध्ये अंगणवाडीत अंडी देण्याचा प्रस्ताव नाकारला. ज्यांच्या ताटात दुधाचा थेंब नाही त्यांच्या ताटातून शाकाहाराच्या आग्रहापायी अंडे काढून घेणे हा निर्णय चुकीचा होता. दुधाची भुकटी किंवा सोया यांनी ती उणीव भरून निघाल्याचे सहरान्यात तरी दिसलेले नाही.

सुधारणा झालीच नाही असे मात्र नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार मध्य प्रदेशात वयाच्या मानाने उंची खुंटलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४२ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये सुमारे ३६ टक्क्यांवर आले. अशा सरासरीत घाटीगावचा सहराना आणि ग्वाल्हेरची सिटी सेंटर वसाहत एकत्र मिसळलेली असते, म्हणून तिच्यावर समाधान मानता येत नाही आणि तिला झिडकारताही येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान जनमन अभियानातून विशेष असुरक्षित समूहांच्या वस्त्यांत पक्की घरे, रस्ते, नळ आणि नव्या अंगणवाड्या येत आहेत. नळाचे पाणी दारात आले तर आईचे काही तास मोकळे होतील. पोषणाच्या दृष्टीने या अभियानातील सर्वांत मोलाचा भाग कदाचित तोच ठरेल, जरी त्याची नोंद पाणीपुरवठ्याच्या रकान्यात होईल.

काही सहरान्यांत वस्तीनेच एक मार्ग काढलेला दिसला आहे. माता कापणीला किंवा खाणीवर गेल्यावर दोन वृद्ध स्त्रिया बंगल्यात तीन वर्षांखालील मुलांना सांभाळतात. अंगणवाडीच्या गव्हाचा दलिया, त्यात मुगाची डाळ आणि प्रत्येक वाटीत एक चमचा तेल, असे दिवसातून तीनदा ठरलेल्या वेळी भरवले जाते. तेलाचा चमचा एका दोरीने डब्याला बांधलेला असतो, जेणेकरून माप बदलू नये. बाहेरच्या मदतीतून तेल, डाळ आणि त्या दोघींचे थोडे मानधन येते. बाकी सारे वस्तीचे. जिथे हे वर्षभर टिकले तिथे भाद्रपदातही मुलांची वजने घसरली नाहीत, कारण मुलाला भरवणारी व्यक्ती दिवसभर त्याच्याजवळ होती. रोजगार हमी कायद्यातही कामावर आलेल्या स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद होतीच. प्रत्यक्षात अशी नेमणूक या भागात विरळाच पाहायला मिळे. बंगल्यातील ही व्यवस्था मात्र चैत्रात मोडते. चैतुआ कुटुंबे मुलांसह निघतात, कधी त्या दोन आज्याही सोबत जातात, कारण कापणीत म्हाताऱ्या हातांनाही गव्हाच्या पेंढीचा मोबदला मिळतो. शिधापत्रिका आता आग्र्यातही चालते, परंतु दलियाची वाटी वस्तीतच राहते. पुढच्या कापणीच्या आधी एखाद्या तरी मोठ्या शेतमालकाच्या खळ्यावर सावली, पाण्याची घागर आणि भरवणारी एक बाई ठेवता येईल का, याची बोलणी सध्या दोन-तीन गावांत चालू आहेत.